क्रूसाची खूण असलेले शब्द

आमच्या वडिलांकडे ऑक्सफर्डचा दोन खंडांतला मोठा इंग्रजी शब्दकोश होता. मुंबईत फ्लोरा फाउंटनच्या पदपथावर जुनी पुस्तके विकणाऱ्याकडून त्यांनी तो घेतला आणि विरार लोकलच्या गर्दीतून दोन फेऱ्यांत, आज पहिला खंड व उद्या दुसरा, असा घरी आणला. ते प्राथमिक शाळेत शिक्षक होते. त्यांच्या पगाराच्या मानाने ही खरेदी म्हणजे चैनच होती आणि आईने ती पुढे कित्येक वर्षे बोलून दाखविली. त्या कोशात काही शब्दांच्या आधी एक इवलासा क्रूस छापलेला असे. लहानपणी आमची समजूत झाली की, हे आपल्या धर्मातले शब्द असावेत. शाळेतल्या इतर मुलांनी ते वापरू नयेत म्हणून त्यांवर खूण केली असावी. वडिलांना विचारले तेव्हा ते हसले. "अरे, ते मेलेले शब्द. कबरीवर क्रूस लावतो ना आपण, तसा तो," ते म्हणाले.

मुद्रक मंडळी त्या खुणेला क्रूस म्हणत नाहीत, 'डॅगर' म्हणजे खंजीर म्हणतात, हे आम्हांला पुष्कळ उशिरा कळले. तरी वडिलांनी सांगितलेला अर्थ मनातून पुसला गेला नाही. पुढे आयुष्यभर इंग्रजी शिकविण्याचाच व्यवसाय केला आणि त्या ओघात असे ध्यानी आले की, आमची बालपणीची समजूत अगदीच खुळी नव्हती. इंग्रजीतल्या मेलेल्या आणि मरणपंथाला लागलेल्या शब्दांत आपल्या धर्मातले शब्द खरोखरच फार आहेत.

त्यांतल्या दोन शब्दांशी आमची पहिली गाठ महाविद्यालयात 'हॅम्लेट' अभ्यासताना पडली. पहिल्या अंकाच्या पाचव्या प्रवेशात मृत राजाचे भूत आपल्या मुलाला स्वत:च्या खुनाची हकीगत सांगते. बागेत निजलेला असताना सख्ख्या भावाने त्याच्या कानात विष ओतले. प्राण गेला, राज्य गेले, राणी गेली. पण भुताचे दु:ख तिथे थांबत नाही. आपल्याला पापांच्या ओझ्यासकट, काही तयारी नसताना, संस्कारांवाचून देवापुढे धाडण्यात आले, ही त्याची खरी तक्रार आहे. ती मांडताना शेक्सपिअर 'अनहाउझल्ड' व 'अनअनील्ड' असे दोन अपरिचित शब्द वापरतो. आमचे प्राध्यापक म्हणाले, "हे जुने चर्चचे शब्द आहेत, परीक्षेला येत नाहीत," आणि पुढे गेले. आम्हीही त्यांच्यामागोमाग पुढे गेलो. परीक्षेला ते खरोखरच आले नाहीत.

त्यानंतर पंधरा-सोळा वर्षांनी जुलै महिन्यातल्या एका रात्री वडिलांना हृदयविकाराचा झटका आला. रेल्वेचे रूळ पाण्याखाली गेले होते, रस्ते तुंबले होते. शेजाऱ्यांच्या टेम्पोतून त्यांना इस्पितळात नेले तोवर ते शुद्धीवर होते. फादरांना निरोप गेला आणि ते लगेच निघालेही. परंतु गुडघाभर पाण्यातून चालत ते येऊन पोचले तेव्हा वडिलांना जाऊन वीस मिनिटे झाली होती. फादरांनी मृतांसाठीच्या प्रार्थना म्हटल्या. पहाटे आम्ही घरी परतलो तेव्हा आई ओट्यावर उभी होती. कसे झाले, किती वाजता झाले, शेवटी काही बोलले का, यांतले तिने काही विचारले नाही. "तेल लावलं का?" एवढेच विचारले.

आम्ही नाही म्हणालो. ती आत गेली आणि जपमाळ घेऊन बसली.

महिन्याच्या मिस्साच्या दिवशी पाहुणे पांगल्यावर आम्ही वडिलांचा कोश खाली काढला. (जाता जाता सांगावयास हवे की, महिन्याच्या मिस्सालाही इंग्रजीत एक जुना शब्दप्रयोग आहे: 'मंथ्स माइंड'. इथे 'माइंड' म्हणजे मन नव्हे, स्मरण. आयर्लंडमध्ये तो आजही चालतो; इंग्लंडमध्ये मात्र शेक्सपिअरच्या काळीच त्याचा अर्थ ओढ, लालसा असा होऊन बसला होता आणि त्याच्या एका सुखात्मिकेत तो त्याच थट्टेच्या अर्थाने येतो.) कोशात आम्ही ते परीक्षेला न आलेले दोन शब्द शोधले.

'हाउझल' हा अस्सल जुना इंग्रजी शब्द आहे. लॅटिनमधून आलेला नव्हे. परमगुरू ग्रेगरी यांनी पाठविलेले संत ऑगस्टिन ५९७ साली केंटमध्ये उतरले, तेव्हा तिथल्या लोकांच्या बोलीत बळी, अर्पण अशा अर्थाचा हा शब्द होता. चौथ्या शतकातल्या गॉथिक बायबलात त्याचे भावंड 'हुन्स्ल' या रूपात आढळते आणि तिथेही त्याचा अर्थ बळी असाच आहे. धर्मप्रचारकांनी परधर्मीयांचा म्हणून तो टाकून दिला नाही. ख्रिस्तशरीराच्या संस्कारासाठी त्यांनी तोच उचलला. आपण मिस्साबळी म्हणतो, त्यातल्या 'बळी'ची कथा काही याहून फार वेगळी नाही. पुढे त्याचे क्रियापद झाले आणि कम्युनियन देणे म्हणजे 'हाउझल करणे' असे इंग्लंडातली खेडुत माणसे शेकडो वर्षे म्हणत आली. चौदाव्या शतकाच्या अखेरीस चॉसरचा धर्मगुरू आपल्या दीर्घ प्रवचनात, वर्षातून निदान एकदा तरी माणसाने हाउझल घ्यावे, असे सांगतो. मॅलरीची आर्थर राजाची कथा कॅक्स्टनने १४८५ साली छापली. तिच्या शेवटी लॅन्सेलट हा शूर, पण एका मोठ्या पापाने पोळलेला सरदार मरावयास टेकतो, तेव्हा त्याला हाउझल मिळते, तेल मिळते आणि ख्रिस्ती माणसाला मिळावे ते सारे मिळते. मगच तो आपल्या देहाची व्यवस्था सांगतो. कम्युनियन घेताना हनुवटीखाली धरावयाच्या पांढऱ्या वस्त्रालाही 'हाउझलिंग क्लॉथ' असे नाव होते. ते वाचताना आमच्या डोळ्यांपुढे आमच्याच चर्चमधला जुना लाकडी कठडा आला. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेपूर्वी आम्ही मुले त्यापुढे ओळीने गुडघे टेकीत असू आणि कठड्यावरून सोडलेले ते इस्त्रीचे शुभ्र कापड हनुवटीखाली धरीत असू. त्या कापडाला मराठीत आम्ही काय म्हणत होतो, हे काही केल्या आम्हांला आठवेना.

दुसरा शब्द 'अनील'. जुन्या इंग्रजीत 'अन' म्हणजे वर आणि 'एले' म्हणजे तेल. दोन्ही मिळून तेल लावणे. आम्ही कोश मांडीवर घेऊन बराच वेळ बसून राहिलो. आमच्या चौथी शिकलेल्या आईने पहाटे ओट्यावर विचारलेला प्रश्न हा त्या शब्दाचा शब्दश: अर्थ होता. 'अनअनील्ड' म्हणजे ज्याला तेल लावले गेले नाही असा.

या शब्दाची पुढची हकीगत मोठी विलक्षण आहे आणि ती एका पोपशी संबंधित आहे. हा पोप रोमचा नव्हे. इंग्रजीतला प्रसिद्ध कवी अलेक्झांडर पोप. पण तो कॅथलिक होता, जन्मापासून मरणापर्यंत. १६८८ साली तो लंडनमध्ये जन्मला त्या काळी कॅथलिकांना विद्यापीठाची दारे बंद होती, सरकारी पदे बंद होती, लंडनच्या दहा मैलांच्या आत राहण्यास मज्जाव होता. धर्म सोडला असता तर पोपच्या वाटेतल्या अनेक अडचणी एका दिवसात दूर झाल्या असत्या. त्याने तो सोडला नाही. या पोपने १७२५ साली शेक्सपिअरच्या नाटकांची स्वत:ची आवृत्ती काढली. भुताच्या भाषणाशी तो आला तेव्हा अडखळला. त्या दोन शब्दांच्या मध्ये मुळात 'डिसअपॉइंटेड' हा शब्द आहे. आज त्याचा अर्थ निराश असा होतो, पण तिथे तो तयारी नसलेला या अर्थी आहे. पोपला तो रुचला नाही. त्याने तो खोडून तिथे 'अनअनॉइंटेड', म्हणजे अभ्यंग न झालेला, असा सरळ शब्द घातला. मग पंचाईत अशी झाली की, तेलाचा अर्थ मधल्या शब्दाने घेतल्यावर 'अनअनील्ड'ला अर्थच उरला नाही! तेव्हा पोपने 'नेल' म्हणजे मृत्युघंटा या शब्दाशी त्याचे नाते जोडले आणि टीप दिली की, ज्याच्यासाठी घंटा वाजली नाही तो.

ही चूक दुरुस्त केली ती ल्युइस थिओबाल्ड नावाच्या विद्वानाने. तो काही मोठा कवी नव्हता. परंतु जुनी पुस्तके चिकाटीने वाचणारा होता. त्याने दाखवून दिले की, या शब्दात घंटा नाही, तेल आहे. पोपच्या आवृत्तीतल्या चुकांवर त्याने १७२६ साली एक सबंध पुस्तकच लिहिले होते. त्याचे बक्षीस म्हणून पोपने १७२८ साली आपल्या उपहासकाव्यात त्याला मूर्खांचा राजा करून टाकले. विद्वानांची भांडणे अशीच असतात, त्यांचे आम्हांला नवल नाही. नवल वाटते ते याचे की, शेक्सपिअरने हा शब्द लिहिला त्याला अवघी सव्वाशे वर्षे झाली होती. वाचणारा इंग्लंडातला अव्वल दर्जाचा शब्दप्रभू होता. त्यातही तो कॅथलिक होता, त्या धर्मासाठी सोसलेला होता. तरीही आपल्याच संस्काराचे आपल्याच भाषेतले जुने नाव त्याला ओळखता आले नाही. मे १७४४ मध्ये मृत्युशय्येवर असताना पोपच्या मित्रांनी धर्मगुरूस बोलाविले आणि त्याने अखेरचे संस्कार घेतले. 'अनील' या शब्दाची ओळख नसताना तो तेल घेऊन गेला. वडिलांच्या बाबतीत नेमके उलटे झाले होते. त्यांच्या घरात शब्द होता, तेल पोचले नाही.

शब्द असे का विसरले जातात? सारा दोष राजसत्तेवर टाकणे सोपे आहे आणि आपल्या मासिकांतून तसे पुष्कळदा लिहिलेही जाते. राजसत्तेचा वाटा मोठा होता, यात शंका नाही. १५४९ साली इंग्लंडात लॅटिन मिस्सा कायद्याने बंद होऊन इंग्रजी प्रार्थनापुस्तक आले. त्या पुस्तकात आजाऱ्याने मागितल्यास तेल लावण्याची तरतूद शिल्लक ठेवली होती. तीनच वर्षांनी, १५५२ च्या सुधारित पुस्तकात, तीही काढून टाकली. आजाऱ्याच्या खोलीतून तेलाची कुपी गेली की, तेल लावण्याचे क्रियापद किती दिवस टिकणार? परंतु दुसरेही एक कारण आहे आणि ते आपल्याच घरातले आहे. पुढच्या काळात इंग्लंडचे कॅथलिक धर्मगुरू परदेशात, लॅटिनमध्ये शिकून, जिवावर उदार होऊन परतत. त्यांच्या तोंडी 'एक्स्ट्रीम अंक्शन' हा लॅटिन घडणीचा भारदस्त शब्द होता. खेड्यातला 'अनील' नव्हता. श्रद्धा टिकविण्यासाठी ज्यांनी प्राण दिले, त्यांच्याबरोबरच लॅटिन वळणाची परिभाषा आली आणि जुनी मातीतली नावे बाजूला पडली. आमच्या मते पोपच्या अडखळण्याचे कारण इथे आहे.

काही शब्द मेले नाहीत, पण त्यांच्यातला जीव काढून घेतला गेला. 'बीड' म्हणजे मणी, हे आज शाळेतले मूलही सांगेल. मुळात 'बीड' म्हणजे प्रार्थना. जपमाळेवर लोक आपल्या प्रार्थना मोजीत, बोटांखालून एकेक 'बीड' सरकत जाई, आणि ऐकणाऱ्याला वाटू लागले की, सरकते त्या वस्तूचेच हे नाव. प्रार्थनेचे नाव मण्याला मिळाले. मग बाजारातल्या काचेच्या मण्याला, मग घामाच्या थेंबालाही. इंग्रजी कादंबरीत एखाद्याच्या कपाळावर घामाचे 'बीड्स' जमतात तेव्हा ती मुळात प्रार्थना आहे, हे त्या कादंबरीकाराच्या गावीही नसते. कीट्सच्या १८२० साली प्रसिद्ध झालेल्या संत ॲग्नेसच्या रात्रीवरील दीर्घ कवितेत एक म्हातारा 'बीड्समन' आहे. दुसऱ्यांच्या आत्म्यांसाठी प्रार्थना करणे, हेच त्याचे काम. गार पडलेल्या प्रार्थनामंदिरात, गोठलेल्या बोटांनी तो माळ ओढतो. कीट्सला तो चित्रासाठी हवा होता, प्रार्थनेसाठी नव्हे; तरी चित्र मात्र असे उतरले आहे की, वाचताना आमच्या हाताला थंडी लागते.

याच शब्दाचा जोडशब्द 'बीड-रोल'. नोव्हेंबर महिन्यात आपण आपल्या मृतांची नावे लिहून चर्चमध्ये देतो आणि ती मिस्साच्या वेळी वेदीपाशी ठेवली किंवा वाचली जातात. इंग्लंडच्या प्रत्येक धर्मग्रामात अशी यादी असे. तिच्यात नाव राहावे म्हणून कोणी चर्चला मेणबत्त्या देई, कोणी मेंढरू देई, कोणी आपला चांगला झगा मृत्युपत्रात लिहून ठेवी. रविवारी धर्मगुरू ती नावे वाचीत आणि सारा गाव त्यांच्यासाठी प्रार्थना करी. एडवर्ड राजाच्या कारकिर्दीत, १५४७ साली, मृतांसाठी मिस्सा अर्पण करण्यासाठी ठेवलेल्या देणग्या व प्रार्थनामंदिरे सरकारने खालसा केली. मृतांसाठी प्रार्थना करणेच चूक ठरल्यावर ती यादी कोण वाचणार? पन्नास वर्षांच्या आत स्पेन्सर हा कवी, चॉसरचे नाव कीर्तीच्या 'बीड-रोल'वर आहे, असे लिहितो. प्रार्थनेची यादी कीर्तिवंतांची यादी झाली. आता तर कुठल्याही लांबलचक जंत्रीला तो शब्द चालतो. ज्या मेंढपाळाने आपले एकुलते मेंढरू देऊन त्या यादीत नाव घातले असेल, त्याला कीर्ती नको होती. कुणीतरी रविवारी आपले नाव उच्चारावे, एवढेच हवे होते.

'श्राइव्ह' म्हणजे पापांगीकार ऐकून क्षमा देणे, आणि 'श्रिफ्ट' म्हणजे तो पापांगीकार. लिहिणे या अर्थाच्या लॅटिन क्रियापदापासून तो आला. धर्मगुरू प्रायश्चित्त लिहून देतो, म्हणजे नेमून देतो, म्हणून. भस्म बुधवारच्या आदल्या दिवसाला इंग्रजीत अजूनही 'श्रोव्ह ट्यूझडे' म्हणतात; पण बहुतेकांना त्या दिवशीची पॅनकेक तेवढी ठाऊक असतात. इंग्रजी वर्तमानपत्रांत मात्र हा शब्द रोज भेटतो. अमुक मंत्र्याने तमुक मागणीला 'शॉर्ट श्रिफ्ट' दिला, म्हणजे ती झटकून टाकली. मुळात शॉर्ट श्रिफ्ट म्हणजे फाशी देण्यापूर्वी कैद्याला पापांगीकारासाठी दिलेली तोकडी मिनिटे. 'तिसरा रिचर्ड' या नाटकात हेस्टिंग्जचे मुंडके उडवायचे असते, अजून ड्यूकच असलेल्या रिचर्डला जेवणाची घाई असते, आणि त्या घाईत हा शब्दप्रयोग येतो.

परंतु आम्हांला अधिक अस्वस्थ करणारी जागा 'हॅम्लेट'मध्येच आहे. बापाला पापांगीकाराची संधी मिळाली नाही, याचा सल उरी बाळगणारा हा मुलगा. चुलता गुडघे टेकून प्रार्थना करताना सापडतो तेव्हा तो तलवार म्यान करतो. कारण आत्ता मारले तर हा स्वर्गात जाईल आणि माझा बाप मात्र तसाच गेला. हाच हॅम्लेट शेवटच्या अंकात आपल्या दोन बालमित्रांच्या मृत्यूचा बनावट हुकूम लिहितो, आणि त्यात मुद्दाम घालतो की, त्यांना 'श्रायव्हिंग टाइम' देऊ नये. बापावर झालेला अन्याय तो स्वत:च्या हाताने दोघांवर करतो आणि त्याबद्दल त्याला टोचणीही लागत नाही. 'श्रायव्हिंग' हा शब्द ठाऊक नसलेला विद्यार्थी ही जागा ओलांडून सहज पुढे जातो. त्याला दिसतो तो दोन विश्वासघातक्यांचा अंत. आम्ही पंचवीस वर्षे हे नाटक शिकविले आणि त्यांतली पहिली काही वर्षे आम्हीही ती जागा ओलांडूनच गेलो, हे इथे कबूल करावयास हवे. शेक्सपिअर मनाने कॅथलिक होता की नव्हता, या रस्सीखेचीत आम्हांला रस नाही. संस्कारांवाचून मरणे म्हणजे काय, हे त्याच्या प्रेक्षकांना शब्दानिशी ठाऊक होते, एवढे पुरे आहे.

'रूड' म्हणजे क्रूस. चर्चच्या मध्यभागी उंचावर उभारलेला तो मोठा क्रूस सोळाव्या शतकात ठिकठिकाणी खाली खेचला गेला, आणि तो शब्द उरला तो एडिंबरोच्या होलीरूड राजवाड्यात आणि जमिनीच्या मोजणीत. पाव एकर म्हणजे एक रूड. आपल्या हिशेबाने दहा गुंठे. गुंठ्यागुंठ्यासाठी भावाभावांत कोर्टकचेऱ्या चालणाऱ्या आमच्या वसईत याहून अधिक काही लिहीत नाही.

हे सारे वाचीत असताना मराठी कॅथलिकाला एक इंग्रज आठवल्यावाचून राहत नाही. फादर थॉमस स्टीफन्स यांचा जन्म विल्टशर परगण्यातल्या बुश्टन गावचा, १५४९ च्या सुमाराचा. म्हणजे ज्या साली मिस्सा बंद झाला, जवळजवळ त्याच सालचा. मेरी राणीच्या पाच वर्षांत मिस्सा परत आला आणि पुन्हा गेला, तेव्हा ते दहा वर्षांच्या आतबाहेरचे मूल होते. हे सारे शब्द ज्या पिढीच्या कानांवर पडले आणि जिच्या डोळ्यांदेखत ओस पडले, त्या पिढीतले ते. रोमला जाऊन ते येशूसंघात दाखल झाले, एप्रिल १५७९ मध्ये लिस्बनहून निघाले आणि ऑक्टोबरात गोव्यास पोचले. पोचल्यावर महिन्याच्या आत त्यांनी वडिलांना प्रवासाचे सविस्तर पत्र लिहिले; ते आजही वाचावयास मिळते. त्यात समुद्र आहे, वारे आहेत, मासे आणि पक्षी आहेत. पुढे १५८५ साली इंग्लंडात असा कायदा झाला की, त्यांच्यासारख्या धर्मगुरूने मायदेशाच्या भूमीवर पाय ठेवणे हाच राजद्रोह. मुलगा धर्मगुरू असूनही बापाच्या उशाशी तेल घेऊन जाऊ शकला नसता. तिकडे इंग्रजीतून श्रद्धेचे शब्द एकेक करून गळत होते, आणि इकडे हा इंग्रज साष्टीत बसून मराठीत श्रद्धेसाठी शब्द जुळवीत होता. सुमारे अकरा हजार ओव्यांचे त्यांचे 'ख्रिस्तपुराण' राचोल येथे १६१६ साली छापून निघाले. शेक्सपिअर वारला ते साल हेच.

स्टीफन्स यांच्याच येशूसंघातल्या दुसऱ्या एका इंग्रज धर्मगुरूने तो पहिला शब्द पुन्हा उचलला. फादर जेरार्ड मॅन्ली हॉपकिन्स हे १८६६ साली न्यूमन यांच्या हस्ते कॅथलिक झाले. १८७९ साली ते ऑक्सफर्डच्या चर्चमध्ये साहाय्यक धर्मगुरू होते. टेकडीवरच्या लष्करी छावणीतला एक बिगुलवाला मुलगा त्यांच्याकडे पहिली कम्युनियन मागावयास खाली आला. आई-बापांपैकी एक आयरिश, एक इंग्रज. अंगावर लाल गणवेश. हॉपकिन्स यांनी त्याला ख्रिस्तशरीर दिले आणि त्या प्रसंगावर कविता लिहिली. तिच्यात त्या पातळ, पानासारख्या हलक्या भाकरीसाठी त्यांनी 'हाउझल' हा शब्द योजला आहे. कवितेची हौस म्हणून जुना दागिना घातला, असे कोणी म्हणेल. हॉपकिन्स यांना अशी हौस होती, हेही खरे. पण इथे बोलणारा माणूस ती भाकर नुकतीच स्वत:च्या बोटांनी त्या मुलाच्या जिभेवर ठेवून आला होता. तीनशे वर्षांनी हा शब्द पुन्हा ज्याचा होता त्याच्या तोंडी आला. लोकांना तो वाचावयास मिळाला १९१८ साली. हॉपकिन्स यांना जाऊन तेव्हा २९ वर्षे झाली होती.

आई वडिलांच्या मागे चौदा वर्षे जगली. शेवटच्या आजारात तिला घरीच ठेवले होते. तोपर्यंत या संस्काराचे नाव मराठीत दोनदा तरी बदलले होते. अंतिम अभ्यंग जाऊन रुग्णांचा तैलाभ्यंग आला होता आणि फादरांनी तो का बदलला, हे रविवारी नीट समजावूनही सांगितले होते. फादर आले तेव्हा पाऊस नव्हता, रस्ते कोरडे होते. आम्ही आईच्या कानाशी वाकून म्हणालो, "आई, फादर आलेत. रुग्णाभ्यंग द्यायला."

तिला ते कळले नसावे. तिने आमच्याकडे पाहिले, मग फादरांच्या हातातल्या लहानशा चांदीच्या कुपीकडे पाहिले. "तेल," ती म्हणाली, आणि फादरांनी पुस्तक उघडण्यापूर्वीच दोन्ही तळवे उताणे करून पुढे धरले.